चीज एक, कोड दोन

"ताई, गाणं गुरुजींचंच हाय, पर आमच्या अण्णांची सारंगी न्हाय त्यात. पेटी वाजतीय."

फोन सोनारीहून सुमनताईंचा होता. त्यांचे वडील सारंगी वाजवायचे. मागच्या वर्षी वारले. त्यांच्या हातचं एकच रेकॉर्डिंग शिल्लक होतं आणि ते मीच ऑनलाइन चढवलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मी धाराशिवला घरी बसून पुण्याच्या एका म्युझिक कंपनीचा कॅटलॉग सांभाळते. प्रत्येक रेकॉर्डिंगला अक्षरं-आकडे मिळून बारा खुणांचा एक कोड असतो. त्याला आयएसआरसी म्हणतात. जुळ्या भावांचे चेहरे सारखे असले तरी आधार नंबर वेगळे, तसंच हे. कोड गाण्याला नसतो, त्या एका रेकॉर्डिंगला असतो.

परंड्याच्या गुरुजींच्या दोन फाइली आल्या होत्या. दोन्हींवर 'राग भैरव', दोन्ही बावीस मिनिटांच्या आसपास. मी शहाणपणा केला. न ऐकताच गुरुजींना फोन लावून विचारलं, दोन्ही एकच का? ते म्हणाले, "व्हय, चीज एकच." झालं, मी दोन्हींना एकच कोड दिला. कोड एकच म्हटल्यावर सिस्टिमनं पहिली फाइल ठेवली आणि दुसरी गाळली.

सुमनताईंचा फोन ठेवून दोन्ही फाइली ऐकल्या. एकीत साथीला पेटी, दुसरीत सारंगी. माझीच मला लाज वाटली. गुरुजींना पुन्हा फोन केला.

"चीज म्हंजी बंदिश, बाई. ती एकच. गायलो दोनदा. सोनारीच्या देवळात गायलो तवा अण्णा व्हते साथीला."

साहेबांना चूक सांगितली. त्यांचं म्हणणं, गायक तोच, राग तोच, राहू दे आता. सारंगी शोधत कोण येणार?

"सर, त्यांची मुलगी आलीय. आणि वेगळ्या रेकॉर्डिंगला वेगळा कोड, हा नियमच आहे."

नियम म्हटल्यावर साहेब नरमले. नवा कोड दिला, साथीदाराच्या रकान्यात अण्णांचं पूर्ण नाव घातलं आणि फाइल पुन्हा पाठवली.

चार दिवसांनी सुमनताईंचा फोन आला. आधी नुसतीच सारंगी ऐकू आली. मग त्या म्हणाल्या, "नाव बी दिसतंय, ताई."

प्रमोशन मिळालं तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता. आता कुठल्याही गवयाला मी 'एकच का' असं विचारत नाही. साथीला कोण होतं, ते विचारते. आणि त्याआधी फाइल ऐकते.