बेल कुठे संपवायची

माझ्या बाबांना कुठलाही कागद सपाट ठेवता येत नसे. लग्नाची पत्रिका असो, माझं प्रगतिपुस्तक असो, नाहीतर किराण्याची पुडी सोडून उरलेला वर्तमानपत्राचा तुकडा, हातात आला की त्याची सुरळी व्हायची. मग ती डोळ्यांसमोर धरून, कागदाच्या दोन्ही कडा जिथे भेटतात तिथे ते टक लावून बघायचे. पाहुण्यांसमोर हे सुरू झालं की आई हळूच कागद काढून घ्यायची आणि चहाचं विचारायची.

ही सवय मिलची होती. इंदूरच्या एका कापड मिलमध्ये बाबा डिझाइन खात्यात होते. छीट निघायची तिथे, म्हणजे फुलापानांचं छापील सुती कापड, रजयांच्या खोळींना आणि पोरींच्या फ्रॉकांना लागतं ते. बाबांनी कागदावर काढलेली बेल, वेलीला आमच्याकडे बेलच म्हणतात, तांब्याच्या रुळावर कोरली जायची आणि रूळ फिरत राहिला की कापडाचं थानच्या थान छापून निघायचं. रूळ गोल, त्यामुळे नक्षीची उजवी कड डाव्या कडेला बिनचूक भेटली पाहिजे. उजवीकडे अर्धं पान असेल तर त्याचं उरलेलं अर्धं डावीकडे हवं. नाहीतर कापडावर हातभर अंतराने एक चीर दिसत राहते. त्या चिरेला ते लोक जोड म्हणत, आणि जोड दिसणं ही त्यांच्या खात्यातली सगळ्यात मोठी नाचक्की. तो दिसतो की नाही हे बघायचं म्हणजे कागदाची सुरळी करायची.

बाबांना वाहत्या रेघेचं वेड होतं. चौकडी आणि पट्टे काढणारे दुसरे एक जण होते, त्यांच्याबद्दल ते फारसं चांगलं बोलत नसत. कुठल्याही रेघेबद्दल त्यांच्याजवळ दोनच शेरे होते, चालते किंवा अडते. माझं अक्षर अडायचं. आईच्या रांगोळीतला ठिपक्यांचा भाग अडायचा आणि गोपद्मांचा चालायचा. एकदा माझ्या वेणीबद्दलही मधेच अडलीय म्हणाले, तेव्हा आईने फणी त्यांच्याच हातात दिली. साड्या आमच्या मिलमध्ये छापल्या जात नसत, त्यामुळे नक्षी जिथे थांबते तो पदर काढायची वेळही त्यांच्यावर कधी आली नाही. ही गोष्ट तेव्हा आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

मिल एकदम बंद पडली नाही. आधी रात्रपाळी गेली. मग छपाई थांबली, नुसतं कोरं कापड काढू म्हणाले, म्हणजे डिझाइन खात्याला काम उरलं नाही. आणि मग एके दिवशी फाटकाला कुलूप लागलं. स्नेहलतागंजातल्या आमच्या घरात मिलचा भोंगा घड्याळासारखा होता. तो वाजेनासा झाल्यावरही आई बरेच महिने सकाळी भोंग्याच्या वेळेला डब्याची पोळी लाटायला घ्यायची, आणि लाटणं हातात धरून थबकायची.

बाहेर मात्र सगळं उघडत होतं. टीव्हीवर चॅनेल वाढले, बाजारात परदेशी नावाच्या वस्तू आल्या, गावाबाहेर शेतांवर चुन्याच्या खुणा पडून कॉलन्या उठू लागल्या. जो भेटेल तो म्हणायचा की आता काय, दुनिया खुली झाली, ज्याच्या हातात हुनर आहे त्याला मरण नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. सल्ले तर इतके मिळाले की विचारू नका. नमकीनची एजन्सी घ्या, चहापानाची गुमटी टाका, मुलांचे चित्रकलेचे क्लास काढा. बाबा सगळ्यांना हो म्हणायचे आणि दुपारी सायकल काढून मिलच्या फाटकासमोर चहावाल्याकडे जाऊन बसायचे, जिथे त्यांच्यासारखे बाकीचेही बसलेले असत. मी तेव्हा अकरावीत होते. मला काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि आईला माझ्याहून कमी.

अशात एक शेठ घरी आले. मिलचं थान उचलणारे कापडाचे व्यापारी होते ते, आता बांधकामात उतरले होते. गावाबाहेर भंवरकुआंच्या पुढे ते स्वतःचा बंगला बांधत होते आणि त्याच्याभोवती विकायला अख्खी कॉलनी. कुठल्याशा परदेशी मासिकातला एका घराचा फोटो त्यांनी कापून आणला होता. त्या घराच्या भिंतीला कोपराच नव्हता. भिंत वळत वळत छपरात जात होती, बाल्कनी भिंतीतूनच बाहेर लवली होती आणि तिचा लोखंडी कठडाही तसाच वळसे घेत गेला होता. शेठ म्हणाले की भिंत तर आमच्या मिस्त्रीच्या बापाच्याने होणार नाही, ती सरळच राहील, पण कठडा मला असा पाहिजे.

"मेरेको ऐसा बहता हुआ चइये, भियाजी. आपकी छीट जैसा. मेरी बालकनी जम गई तो पूरी कॉलोनी की जालियाँ आप ही बनाओगे."

पूर्ण कॉलनी म्हणजे काही वर्षांचं काम. शेठ गेल्यावर आई देवासमोर दिवा लावायला गेली, त्या वेळी खरं म्हणजे दिवेलागण झाली नव्हती. बाबांनी तो फोटो उचलला आणि त्याची सुरळी केली.

ते दिवस फार चांगले गेले. समोरच्या खोलीत जमिनीवर कागद पसरला होता आणि आम्ही भिंतीला लागून ये-जा करायचो. बाबा पुन्हा दाढी करू लागले, आईला कामावरून ओरडू लागले, माझ्या अक्षराला नावं ठेवू लागले. कठडा लांबलचक सरळ होता, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. त्यांनी त्याच्यासाठी द्राक्षाची बेल काढली, इतकी सुंदर की मी आजवर तशी पाहिलेली नाही. ती वर जायची, कलंडायची, खाली येता येता एक तंतू सोडायची आणि त्या तंतूच्या ओढीने परत वर चढायची. नजर ठेवली की थांबवता येत नसे.

"बघ, कुठे रुकते का?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं.

वेल्डरने कागदावर जसं होतं तसंच्या तसं लोखंडात उतरवलं. कठडा बसवला त्या दिवशी बाबा मलाही घेऊन गेले. बंगल्यासमोर वाळूचा ढीग होता, तिथून शेठ, वेल्डर आणि आम्ही दोघं वर बघत उभे राहिलो. उन्हात बेल खरोखर वाहत होती. शेठ खूश होऊन मान हलवत होते. मग त्यांची नजर उजव्या टोकाला गेली.

"ये पत्ता आधा कायको है?"

उजव्या भिंतीपाशी बेल ऐन वळणात कापल्यासारखी थांबली होती आणि तिथलं पान मधोमध अर्धं होतं. बाबांना प्रश्नच कळला नाही. शेठनी पुन्हा विचारलं की बाकीचं अर्धं पान कुठे गेलं. बाबांनी हात लांब करून डावीकडच्या भिंतीकडे दाखवलं.

"वो रहा ना, उस तरफ."

आणि ते तिथे होतंच. दुसऱ्या टोकाला भिंतीतून अर्धं पान बाहेर आलेलं होतं आणि तिथून बेल सुरू होत होती. वेल्डर फिस्सकन हसला. शेठनाही हसू आलं, पण ते माणूस बरे होते, त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा मात्र कधी या टोकाकडे, कधी त्या टोकाकडे बघत राहिले. त्यांनी मनातल्या मनात त्या कठड्याची सुरळी केली असणार. मला ते दिसत होतं, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

शेठ म्हणाले की काही हरकत नाही, दोन्हीकडे बेल नीट संपवून द्या, वास्तुशांतीच्या आधी बदलून घेऊ. फक्त टोकं तर काढायची आहेत. आईलाही घरी आल्यावर तसंच वाटलं. तिने विचारलं, अहो, मग एक कळी काढून थांबवायची, त्यात काय एवढं? बाबांनी कळी काढली. सकाळी ती खोडलेली होती. फूल काढलं, तेही खोडलं. गोल गाठ मारून पाहिली. प्रत्येक वेळी शेवटपर्यंत हात सुरेख यायचा आणि टोकाशी आला की पेन्सिल कागदावरून उचलली जायची. इतकी वर्षं त्यांनी बेली काढल्या, पण बेल संपवायचं काम त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यासाठी कागदाची कड म्हणजे पलीकडून परत यायची जागा होती.

रविवारी म्हणाले, चल, लालबागला जाऊ. होळकरांच्या त्या जुन्या महालाच्या आवारात मेळे भरत, म्हणून मला वाटलं मेळा लागलाय. आम्ही दोन सायकलींवर गेलो, आणि बाबा आत शिरलेच नाहीत. ते लोखंडी दरवाजाशीच थांबले. लोखंडाच्या त्या जाड वेलांट्या कुठे आणि कशा संपतात, हे त्यांना बघायचं होतं. एकेका टोकावर बोट फिरवत ते वरपासून खालपर्यंत गेले, आणि येणारे-जाणारे आमच्याकडे वळून बघत होते. जवळजवळ प्रत्येक टोक आत गुंडाळलेलं होतं, जिलबीसारखं.

"हे संपवलेलं नाहीये," बाबा म्हणाले. "आत नेऊन छुपवलंय."

म्हटलं, मग आपणही तसंच करू ना. ते म्हणाले, द्राक्षाची बेल कधी स्वतःत गुंडाळून बसते का? मला रडूच फुटायच्या बेतात होतं. माझ्या मते लोखंडाची कशीही बसली तरी चालली असती, दोन टोकं काढून द्यायची आणि कॉलनीचं काम घ्यायचं. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची माझी हिंमत नव्हती, आणि बोलले असते तरी त्यांच्या हाताला ते ऐकू गेलं नसतं. आईने तर हात टेकले होते. ती फक्त वास्तुशांतीचा दिवस किती जवळ आलाय ते कॅलेंडरात बघायची.

शेवटी त्यांना सुचलं. बेल भिंतीपाशी आली की ती खाली वळवायची आणि कठड्याच्या खालच्या अंगाने परत पहिल्या टोकापर्यंत न्यायची, तिथे ती वर चढून स्वतःलाच मिळेल. पानही पूर्ण होईल आणि संपवायलाही लागणार नाही. त्या दिवशी बाबा जेवता जेवता उठून कागद बघून येत होते. सकाळी आम्ही दोघं तो नवा कागद घेऊन सायकलींवर भंवरकुआंच्या पुढे गेलो. ऊन चढलं होतं. बाबा पुढे होते आणि मधेच मागे वळून मला हळू चालवतेस म्हणाले.

बंगल्याला तोरण बांधत होते. कठड्याची दोन्ही अर्धी पानं कापून काढली होती आणि त्या जागी लोखंडाचे दोन मोठे गोळे डकवले होते, वर सोनेरी रंग. वास्तू तोंडावर आली म्हणून वेल्डरनेच ते उरकलं होतं. शेठ मोठ्या आनंदात बाहेर आले. म्हणाले, भियाजी, आता तुम्ही कशाला त्रास घेता, काम होऊन गेलं. बाकी घरांना तर रेडीमेड जाळ्याच लावणार आहेत, नमुन्यांचं पुस्तक आलंय, त्यातून गिऱ्हाईक स्वतः पसंत करतं. मग त्यांनी विचारलं की आता चांगलं दिसतंय ना.

बाबा वर बघत होते. कागद त्यांच्या काखेत होता. मला वाटलं ते आता तो उघडतील, निदान दाखवतील तरी.

"अच्छा है," ते म्हणाले.

शेठनी पुढे केलेले लाडू घेतले आणि आम्ही निघालो. येताना ते माझ्या मागे राहिले.

त्यानंतर त्यांनी पुष्कळ काही केलं. एका नमकीनवाल्याकडे हिशेबाला बसले, शाळेच्या गॅदरिंगचे पडदे रंगवले. बेल पुन्हा काढली नाही. मी बँकेत लागले, आमचे दिवस पालटले, आणि तो बंगलाही कधीतरी पाडून तिथे मुलांचं हॉस्टेल झालं. लोक मला म्हणतात की अखेर सगळं छान झालं ना. होय, झालं.

मग बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला. बरेच महिने ते खिडकीपाशी नुसते बसून असायचे. एके दुपारी मी बँकेतून लवकर आले तर पाटीवर कागद लावून ते डाव्या हाताने काहीतरी काढत होते. बेल होती. रेघ थरथरत होती, दर वळणाला अडत होती, पण डाव्या कडेला अर्धं पान होतं आणि उजव्या कडेला अर्धं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. एका हाताने सुरळी होत नाही.

मी केली. दोन्ही कडा जुळवल्या आणि बघितलं. अर्ध्या पानापासून अर्धं पान बोटभर खाली होतं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मग मी एक कड हळूच वर सरकवली, इतकी की पानाला पान मिळालं, आणि सुरळी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

त्यांनी जोडाकडे फार वेळ पाहिलं. मग नजर वरच्या कडेला नेली, जिथे कागद बोटभर वरखाली झाला होता.

"तिरकी धरलीस," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट होते.

मी हो म्हणाले आणि कागद सोडायला लागले. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला.

"राहू दे. तशीच धर थोडा वेळ."