चाकाभोवती उरलेली कड

फाउंड्री बंद पडली तेव्हा पॅटर्नकाकांनी आपली हत्यारे तेलाच्या फडक्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवली. काही दिवसांतच एक रंधा पुन्हा बाहेर आला आणि घरातल्या दारांवर चालू लागला. शेवटी काकूंनी तो हातातून काढून घेतला. म्हणाल्या, "पुरे आता. दारं इतकी झिजलीत की उद्या मांजर बंद दारातून ये-जा करेल."

काकांनी आयुष्यभर फाउंड्रीसाठी लाकडाचे नमुने, म्हणजे पॅटर्न, केले होते. नमुना वाळूत दाबायचा, उमटलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा आणि निवला की यंत्राचा भाग तयार. त्या कामाची गरज आता फारशी उरली नव्हती. कारखान्यांनी सुट्या भागांची गोदामे मोकळी केली होती. भागाऐवजी त्याची आकृती संगणकात साठवायची आणि काही मोडले की जवळच्या छपाईघरातून नवा भाग छापून घ्यायचा, अशी रीत रुळली होती. यंत्राच्या पेटीत धातूची भुकटी थरावर थर पसरली जाई, लेसरचा किरण हवी तेवढीच भुकटी वितळवी, आणि एखादे रोप उगवावे तसा भाग खालून वर येई.

काकांच्या सुनेने एका वर्गमित्राच्या भागीदारीत असेच छपाईघर काढले होते. जुन्या यंत्रांच्या भागांपाशी मात्र त्यांची गाडी अडे, कारण त्यांच्या आकृत्या कुठेच मिळत नसत. अशा कामांसाठी सासऱ्यांना घ्यावे, असे तिनेच सुचवले. भागीदाराने एक अट घातली. पहिले काम नीट उतरले तर काका राहतील; नाही उतरले तर त्यांनी घरी आराम करावा आणि तिने हा विषय पुन्हा काढू नये. ही अट तिने काकांना जशीच्या तशी सांगितली. लपवणे तिला जमत नसे.

पहिले काम शहराच्या पंपघरातून आले. पाणी उपसणाऱ्या पंपातले पात्यांचे चाक फुटले होते. जोडीचा जुना पंप एकटाच चालत होता आणि इतका तापत होता की तिथल्या इंजिनिअरने एक माणूस केवळ त्याच्यावर हात ठेवून बसायला नेमला होता. तो पंपही बंद पडला असता तर चढावरच्या वस्तीचे नळ कोरडे पडले असते. आलेल्या चाकाची पाती पाण्याने खाऊन कागदासारखी झाली होती, काठ तुटले होते, दांडा बसायचे भोकही झिजले होते. ते स्कॅन करून उपयोग नव्हता. काकांनी तुकडे जुळवले, माप घेतले आणि पूर्ण चाकच लाकडात कोरले. भागीदार ते हातात घेऊन फिरवत राहिला. म्हणाला, "काका, हे इतकं देखणं झालंय की धातूचं कशाला करायचं? हेच बसवून टाकू." लाकडी चाक स्कॅन झाले आणि छपाई सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका टेबल आवरत होते. जागा करावी म्हणून त्यांनी फुटक्या चाकाचा मोठा तुकडा लाकडी चाकावर ठेवला. भोकाची शाबूत बाजू भोकाशी जुळवली आणि त्यांचा हात थांबला. तुकड्याचा एक काठ अजून मूळचा होता. त्याच्या बाहेर लाकडाची बारीक कड उरली होती.

ही कड कुठून आली, हे त्यांना शोधावे लागले नाही. वितळलेला धातू निवताना आकसतो. म्हणून नमुना भागापेक्षा किंचित मोठा करतात आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरची प्रत्येक खूण थोडी ताणलेली असते. लाकूड हातात आले आणि हाताने तीच पट्टी उचलली. पण इथे काही ओतायचे नव्हते. यंत्र लाकडाएवढेच चाक छापणार होते.

काकांनी लाकडी चाकावर फडके टाकले.

पेटीच्या काचेमागे किरण लुकलुकत होता. काका समोरच्या स्टुलावर बसून हिशेब करू लागले. बाहेरचा काठ लेथवर उतरवता येईल, कुणी विचारणारही नाही. भोक मात्र मोठे झाले ते झाले, दांड्यावर चाक सैल बसणार. त्यालाही इलाज होता. बसवायला आपणच जायचे आणि दांड्याभोवती पातळ पत्रा गुंडाळून चाक ठोकून द्यायचे. काही महिने ते मुकाट फिरेल. नंतर डुगडुगू लागले तर दोष पंपाच्या म्हातारपणाला लागेल. दरम्यान त्यांची जागा पक्की झालेली असेल. त्यांनी पत्र्याचा एक तुकडा शोधून खिशात टाकला. भागीदाराने चहा आणून दिला, तो तसाच निवला.

दुपार झाली. सून पडद्यावर पुढचे थर पाहत होती. कामाचा जिम्मा ज्याचा, त्याची खूण भागातच छापायची, असा छपाईघराचा शिरस्ता होता. उद्या काही बिघडले तर कुणाला विचारायचे हे धातूच सांगे.

ती सहज म्हणाली, "बाबा, तुमची खूण अजून ठरलेली नाही, म्हणून या वेळी माझी घातलीये. वरच्या थरात येईल, संध्याकाळपर्यंत."

काका उठले. टेबलापाशी जाऊन त्यांनी फडके काढले.

"यंत्र थांबव," ते म्हणाले. "चाक मोठं होतंय. मी फाउंड्रीच्या पट्टीनं कोरलं."

तिने तुकडा लाकडावर ठेवून पाहिला, पुन्हा ठेवून पाहिला आणि बटण दाबले. पेटीतला प्रकाश विझला. आवाज थांबलेला ऐकून भागीदार आतल्या खोलीतून आला. काकांनी त्यालाही तेच सांगितले आणि खिशातला पत्रा काढून टेबलावर ठेवला. तो कशासाठी होता, तेही सांगितले.

भागीदाराने आवाज चढवला नाही. त्याने एवढेच विचारले, "कधी कळलं?"

"सकाळी."

"म्हणजे अख्खी सकाळ तिकडे तो पंप तापत होता आणि तुम्ही इथे बसून होतात. चूक झाली त्याचं मला काही वाटत नाही, काका. सकाळभर सांगितलं नाहीत त्याचं वाटतं."

उत्तर सुनेने दिले. "चूक एकट्या बाबांची नाही. बाहेरचं कुणी असतं तर मी माप ताडून बघितलं असतं. बाबांच्या कामावर पट्टी लावायला हात धजला नाही. आपल्या दोघांचंच ठरलंय ना, न ताडता काही छापायचं नाही म्हणून?"

भागीदार फोन घेऊन बाहेर गेला. त्याने पंपघराला खरे कारण सांगितले आणि आणखी एक दिवस मागून घेतला. पलीकडचा चढलेला आवाज आतपर्यंत ऐकू येत होता. चढावरच्या वस्तीला त्या दिवशी निम्मेच पाणी सुटले.

सुनेने आकृती लहान केली, पंपघरातून दांड्याचे माप मागवले आणि काकांना समोर बसवून प्रत्येक आकडा ताडला. छपाई नव्याने सुरू झाली. जीव टांगणीला लागलेला तो दिवसही सरला. चाक दांड्यावर बसले. इंजिनिअरने दोनदा कळ दाबून पाहिली आणि जुन्या पंपाला विश्रांती दिली.

काका घरी बसायच्या तयारीनेच परतले होते. हत्यारांची पिशवी त्यांनी स्वतःच भरून आणली होती. दोन दिवसांनी भागीदाराचा निरोप आला. काकांनी यावे. मात्र त्यांचे प्रत्येक माप सून पुन्हा घेईल आणि सुनेचे प्रत्येक माप काका घेतील. नाते घरी ठेवायचे. मान्य नसेल तर तसे कळवावे.

काकू म्हणाल्या, "सुनेकडून तपासून घ्यायचं? जमेल?"

फाउंड्रीत काकांच्या नमुन्याला कुणी दुसरी पट्टी लावली नव्हती आणि याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. मग चपला घालून निघाले.

नवे काम एका शिलाईयंत्राच्या मोडलेल्या दातेरी चाकाचे होते. काकांनी मापे घेतली, कागदावर मांडली आणि बाजूला उभे राहिले. सून एकेक माप पुन्हा घेत होती. त्यांना तिच्या हातांकडे पाहवत नव्हते, आणि दुसरीकडे पाहणेही जमत नव्हते.

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली.

"भोक परत एकदा बघ," काका म्हणाले.

तिने मापाचा कॅलिपर पुन्हा उचलला.