हिरव्या तोंडाची बाई

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ह्यांनी आम्हा दोघांचं चित्र काढलं. समीक्षक पुढं ह्यांना अभिव्यक्तिवादी म्हणू लागले. तेव्हा हे एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि आम्ही औरंगपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो.

चित्रात खाटेवर बसलेलं जोडपं होतं. बाईचं तोंड हिरवं, भिंतीकडं वळलेलं. पुरुषाचे हात लालभडक, नको इतके लांब, तरी बाईपर्यंत न पोचणारे. ते वाळायला ठेवलं होतं त्याच सकाळी खुलताबादहून वडील आले. सीताफळांची पिशवी हातात तशीच धरून ते चित्रापुढं थांबले.

"ही तूच ना?"

"व्हय, बाबा."

"मंग तोंड असं काऊन केलं?"

"त्यांची पद्धतच आहे तशी. रंग खरे नसतात."

"रंग खोटा आसंल. बसणं खोटं नाय. ताप आला की तू अशीच भितीकडं तोंड करून बसायचीस." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मारतो का?"

"नाय."

"सामान भर. घरी चल."

आत हे चहा करत होते. कपबश्यांचा आवाज थांबला. हे दारात आले. "मामा, मी सांगतो."

"तुमाला नाय इचारलं."

जावयाशी वडील असं कधीच बोलले नव्हते. ह्यांचा चेहरा पडला. सांगायला निघालेल्या ह्यांना मी घातलेली शपथ आठवली. दोन महिन्यांपूर्वी पाचव्या महिन्यात माझं मूल गेलं होतं. आईचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून माहेरी कळवायचं नाही असं मीच ठरवलं. त्यानंतर ह्यांच्याशीही मी त्यावर एक शब्द बोलले नाही. चित्र पाहिलं तेव्हा मला रागच आला होता. मी झाकलेलं ह्यांनी असं भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

वडील माझी ट्रंक ओढू लागले. मी त्यांचा हात धरला.

"बाबा, मूल गेलं."

ते खाटेच्या काठावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ह्यांना म्हणाले, "इथं बसा." हे बसले.

"कुणाजवळ बोललात का?"

ह्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ओंजळीत तोंड लपवलं. ह्यांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. आपल्या दुःखात ह्यांच्या दुःखाकडं मी बघितलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. वडील ह्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

दुपारच्या एसटीनं मी वडिलांबरोबर गेले आणि आईला सगळं सांगितलं. पंधरा दिवसांनी हे मला न्यायला आले. त्या दिवशी शेताच्या बांधावर बसून आम्ही दोघं पहिल्यांदा त्या मुलाबद्दल बोललो.