हात हलतो म्हणे!

‘हात हलतो’ हे दोन शब्द कुणी सहज बोललं तरी माझी तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या शहरातल्या पलासिया भागात, लग्नपत्रिकांच्या एका दुकानात या दोन शब्दांनी एका माणसाचं वाटोळं झालं, आणि दुसऱ्याचं होता होता राहिलं. तो दुसरा म्हणजे मी.

पहिला माझा मित्र. मिलच्या टाइम ऑफिसात वीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती. टायपिंग मला त्यानंच शिकवलं. मिलला टाळं लागलं तेव्हा आम्ही दोघंही पंचेचाळिशी ओलांडलेले. जिकडेतिकडे नव्या जमान्याचे गोडवे चालले होते, आणि आम्हाला मात्र जो तो ऐकवायचा की मिलवाल्यांच्यानं आता काही होणार नाही. भयंकर चीड यायची. त्या चिडीतच पोरासोरांच्या मांडीला मांडी लावून आम्ही कॉम्प्युटर शिकलो. पत्रिकांच्या दुकानात नोकरी आधी त्याला लागली, आणि दिवाळीच्या तोंडावर गेलीही. पडद्यावरचा बाण त्याच्या हातून नाचायला लागला होता. नवरीचं नाव धरायला जावं तर बाण भलत्याच कोपऱ्यात. मालकानं निदान केलं, यांचा हात हलतो.

त्याच्या जागेसाठी मी गेलो तेव्हा मालकानं विचारलं, “काका, त्यांचा हात मिलमध्ये पण असाच हिलायचा का?”

मुळीच हलत नव्हता. तो टाइप करायला बसला की आम्ही कामं सोडून बघत राहायचो. पण मला ती खुर्ची हवी होती. मी म्हणालो, “वय झालं ना आता.” मालकानं नवा माउस आणला आणि मला बसवलं. वर्षभर बाण माझ्या हाताखाली शहाण्यासारखा वागला. आपण खोटं बोललोच नव्हतो, असं मलाही वाटायला लागलं.

मग खंडेनवमी आली. मिलमध्ये त्या दिवशी प्रत्येक खात्यात आपापल्या यंत्राची पूजा व्हायची, आमच्या ऑफिसात टाइपरायटरची. आमची रीत अशी, की यंत्राचा जो भाग फिरतो त्याला हळदकुंकू लावायचं. टाइपरायटरच्या रोलरला लावायचो. दुकानात मी माउस उलटा केला. त्यात फिरते ती खालची गोळी. पाण्यात कालवलेलं कुंकू तिला चांगलं बोटभर लावलं, अक्षता वाहिल्या, मनोभावे नमस्कार केला.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर बाण नाचतोय. तार हलवून पाहिली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. माउसखालची गादी काढून पत्रिकेचा पुठ्ठा ठेवला. काही उपयोग नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका तुंबून पडलेल्या, आणि मालक मागे येऊन उभा.

“क्या काका, आता तुमचा पण? हात समोर करा जरा.”

मी हात पुढे केला. त्यानं माझ्या पंजावर एक कोरी पत्रिका ठेवली, हलते का बघायला. गिऱ्हाइकांसमोर! माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणूस! रागानं माझ्या अंगाचा थरकाप झाला आणि पत्रिका घसरून खाली पडली.

“देखो,” तो म्हणाला. “त्यांची पण अशीच पडली होती. शनिवारपर्यंत बघतो, काका. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

तो जेवायला गेला. मी दात-ओठ खात माउस उलटा केला, खालची चकती फिरवली आणि गोळी तळहातावर घेतली. लालभडक. आत दोन बारीक रूळ होते, त्यांच्यावर कुंकवाचा थर, एकाला तांदळाचा दाणा चिकटलेला. नखानं खरवडलं, पुसलं, गोळी परत बसवली. बाण सरळ चालायला लागला. स्वतःच्या मूर्खपणाचं हसू येणार, तेवढ्यात मित्र आठवला. तोही त्याच ऑफिसातला, त्याच रीतीचा. त्याचा जुना माउस टेबलाच्या खणात पडून होता. तो उघडला. कुंकू वाळून काळपट झालं होतं.

मालक परत आला तेव्हा ती जुनी गोळी मी त्याच्यापुढे आपटली. “नाही हलत हात! माझा नाही आणि त्याचाही नाही! कुंकू आहे हे, कुंकू! माउस उघडून बघायचं सोडून तुम्ही माणसं तपासता?” आयुष्यात मी कुणावर इतका ओरडलो नव्हतो. मित्र तोवर शहराबाहेर, राऊ गावातल्या एका कॉलेजच्या फाटकावर वॉचमन झाला होता.

मालक शांतपणे ऐकत होता. वर हसलाही. “अच्छा, कुंकू! मग बोलवून घेऊ त्यांना? तुम्ही बोला. पण खुर्ची तर एकच आहे, काका.”

माझा आवाज एकदम खाली आला.

“राहू द्या आता,” मी म्हणालो.

ती नोकरी मी पुढे बरीच वर्षं केली. अधूनमधून राऊला जायचो. फाटकाशेजारच्या टपरीवर तो मला चहा पाजायचा. स्वतःचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचा, सांडू नये म्हणून. आणि दर वेळी म्हणायचा, “तुझा हात अजून चांगला आहे. जप त्याला.”