चुलीपाशी चालेल असा पट्टा

आईच्या पायाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. नीट जमेल की नाही, सांगता येत नाही.

आमचं घर बुऱ्हाणपूरजवळच्या दापोऱ्याला, केळीच्या बागेला लागून. बागेतल्या पाटाच्या चिखलात आई घसरली आणि तिचा उजवा घोटा मोडला. गावात हाड बसवणाऱ्यानं तो बांबूच्या कामट्यांत बांधला. हाड जुळलं, पण वाकडं. पाऊल टेकलं की कळ गुडघ्यापर्यंत जायची.

माझी धाकटी बहीण तेव्हा बुऱ्हाणपुरात, इतवारा भागातल्या मावशीकडे राहून सहावीत शिकत होती. एकदा वडील म्हणाले, "हिच्यानं होत नसंल तं पोरीले घरी आनू." आई लगेच म्हणाली, "होते माह्यानं." त्या दिवसापासून ती कण्हायचीही थांबली.

मी नागपूरला कॉलेजात होतो. कॉलेज पाहणारा आमच्या घरातला मी पहिलाच. सुटी संपताना आईला सोबत घेऊन गेलो आणि तिथल्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. त्यांनी पट्टा करून दिला: दोन बाजूंना लोखंडी सळ्या, पोटरीला चामड्याचा पट्टा, खाली चामड्याचा बूट. आई व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. "दुखत नाही रे," ती अगदी हळू म्हणाली. डॉक्टरांनी बजावलं, "उभं राहायचं तेव्हा हा पायात पाहिजेच."

तिला गावी पोचवून मी काही दिवस राहिलो. पण आईचं उभं राहणं बहुतेक स्वयंपाकघरातच. चुलीपाशी चामडं नेणं आमच्याकडे चालत नाही. कुणी मनाई केली नाही, कुणाला करावी लागलीच नाही. ती दाराशी बूट काढायची आणि लंगडत आत जायची. गल्लीत पारावर थोरली माणसं बसलेली असत. त्यांच्यासमोर सून पायात काही घालत नाही, म्हणून विहिरीवर जाताना बूट पदराखाली, हातात.

मी भीतभीत म्हणालो, "आई, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"त्या डॉक्टरच्या चुलीवर नैवेद्य होते का? माह्या चुलीवर होते."

मग वडिलांनीच तोड काढली. "बुवालोक खडावा घालून देवापुढे जातात. लाकडाले कोन नाही म्हनते?" त्यांनी सुताराकडून बूट कापून काढवला, सळ्या एका खडावेला ठोकून घेतल्या आणि पोटरीला तंबूच्या कापडाचा पट्टा शिवून घेतला. मलाही ते पटलं. आई घरभर खटखट करत फिरू लागली. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "काय व, बुवा झाली का तू? पाया पडू?"

"पड ना. दक्षिणा ठेव आधी."

आई किती दिवसांनी अशी बोलली होती.

दिवाळीत घरी आलो तेव्हा घोटा सुजून काळा पडला होता. लाकूड वाकत नव्हतं, कापड ताणून ढिलं झालं होतं, आणि पाय त्यात रोज थोडा थोडा मुरगळत होता. आईनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बहिणीची शाळा सुटली असती.

पुन्हा नागपूर. एव्हाना नवी राज्यं झाली होती. आम्ही मध्यप्रदेशात राहिलो, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं. गावाचं नाव सांगितल्यावर कारकून म्हणाला, "म्हणजे तुम्ही आता बाहेरचे." तरी डॉक्टरांनी तपासलं. खडाव हातात घेऊन पाहिली, रागावले नाहीत. म्हणाले, "घोटा आतून आखडला आहे. आता नवा पट्टा दिला तरी काही होणार नाही."

परतताना गाडीत आई खिडकीबाहेर पाहत होती. भुसावळ गेल्यावर म्हणाली, "घरी सांगजो, उन्हाळ्यापर्यंत बरं होते म्हून."

मी तसंच सांगितलं. वडील बैलांना चारा टाकत होते. न वळताच त्यांनी विचारलं, "कोनत्या उन्हाळ्यापर्यंत?"

आई ओसरीवर भिंतीला धरून उभी होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी वडील इतवाऱ्यात गेले आणि बहिणीला तिच्या पेटीसकट घेऊन आले. ती रडली नाही. आईनं तिला चुलीसमोर बसवलं, पीठ मळायला दिलं आणि स्वतः बाजूला पाय पसरून बसली.

मी नागपूरला निघालो त्या सकाळी बहिणीनं दशम्या बांधून दिल्या. म्हणाली, "दादा, कडा जाड झाल्या आहेत. पुढच्या वेळेला बऱ्या होतील."