डेल्मरची शंका आणि वर्लीनच्या शेंगा

वर्लीन टॅकेट कुणाला हाक मारते तेव्हा कॉलेजच्या आवारात झोपलेली कुत्री उठून बसतात. मी इतकी वर्षं तिच्या समोरच्या टेबलाशी बसतेय, माझा डावा कान केव्हाच कामातून गेलाय. तिचं काम काय, तर ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्यांना आमच्या या दोन वर्षांच्या कॉलेजात टिकवून धरायचं. आता केंटकीच्या आमच्या डोंगरात तसे नसलेले कोण आहेत, ते मला दाखवा! म्हणजे अख्खं कॉलेज हिच्याच गळ्यात.

एखादी पोरगी चार दिवस दिसली नाही की वर्लीन आपला खटारा घेऊन तिच्या दरीत जाते. आमच्याकडे न बोलावता कुणाच्या दाराशी जायची पद्धत नाही. कुंपणाबाहेर उभं राहायचं आणि ओरडायचं. ते हिच्या पथ्यावरच पडतं. "अगं ए रोवेना! मेलीस की आहेस? असलीस तर मंगळवारी इंग्रजीचा पेपर आहे!" हे सगळ्या दरीला ऐकू जातं, आणि मग मंगळवारपर्यंत शेजारीपाजारीच रोवेनाला जगू देत नाहीत.

ती अशी का, तेही सांगते. अठराव्या वर्षी ती याच कॉलेजात आली होती. दुसऱ्याच आठवड्यात तिचे चुलत आजोबा वारले. आमच्याकडे मयत म्हणजे सगळं गणगोत जमणार, मग उरलेलं जेवण संपेपर्यंत कुणी हलणार नाही. आठवडाभराने परत आली तर फाटकापाशीच पाय अडखळले. नाव काढलंच असणार, असं धरून ती उलटी फिरली आणि पुढची बारा-तेरा वर्षं वाणसामानाच्या दुकानात गल्ल्यावर बसली; मग कुठे परत येऊन शिकली आणि इथेच नोकरीला लागली. "मला कुणी काढलंच नव्हतं गं," ती अजून म्हणते, आणि तेवढं एकच वाक्य ती हळू बोलते. मला मात्र राग येतो. कॉलेजातल्या एका मेल्याला तिला फोन करता आला नसता?

तर डेल्मर स्लोन. माणूस केवढा, तर दारातून येताना तिरपा होऊन येतो. वीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली, खाण बंद पडली, आणि बापाच्या आजारपणात हॉस्पिटलात राहून राहून त्याच्या डोक्यात भरलं की आपण नर्स व्हायचं. भावांनी टिंगल केली. हा ऐकेना. नर्सिंगला जागाही मिळाली, पण अट अशी की या सत्रात गणित सुटलंच पाहिजे. नाही सुटलं तर जागा दुसऱ्याला.

आमचे गणिताचे सर लिंडक्विस्ट. मिनेसोटाचे, काटकुळे, इतके सभ्य की दाराला धक्का लागला तरी दाराची माफी मागतील. आठवड्यातून दोन दुपारी ते शंका विचारायला येणाऱ्यांसाठी आपल्या खोलीत बसून असतात. वर्लीनने डेल्मरला हुकूम सोडला, "जायचं! दर गुरुवारी जायचं!"

आणि डेल्मर खरंच गेला. एक गुरुवार चुकवला नाही. वर्लीन खूश. "बघ, पोरगा कसा वळणावर आला," मला म्हणायची. पोरगा सेहेचाळीस वर्षांचा.

मग सत्राच्या मधल्या परीक्षेचा निकाल लागला. शंभरात एकतीस.

वर्लीन तशीच उठून लिंडक्विस्टच्या खोलीत घुसली आणि मी तिच्या मागे. मी कशाला गेले म्हणाल, तर तमाशा कोण सोडतं? आत बघते तर फळीवर पुस्तकं नाहीत, बरण्या! बिटाचं लोणचं, सफरचंदाचा मुरांबा, मुरवलेला मका, मधाचं पोळं.

"हे काय दुकान टाकलंत?" वर्लीन म्हणाली.

"मिस्टर स्लोन आणतात," लिंडक्विस्ट लाजून म्हणाले. "फार भले गृहस्थ. मीही त्यांना आमच्याकडचा मॅकरोनी-खिमा भाजून दिला. पण त्यांनी भांडं भरूनच परत केलं. मग मला पुन्हा काहीतरी करावं लागलं."

"आणि गणित?"

"गणिताचं ते काही बोलत नाहीत."

"मग तुम्ही विचारा की!"

"असं कसं? चांगले मोठे गृहस्थ आहेत. त्यांच्या अडचणीत आपण होऊन नाक खुपसायचं?" लिंडक्विस्टचे कान लाल झाले. "आमच्याकडे हे बरं दिसत नाही."

मग आमच्या खोलीत डेल्मरला बोलावलं. तो दारातून तिरपा होऊन आला.

"काय रे, तिथे तासतासभर करतोस काय?"

"बसतो ताई. पावसापाण्याचं बोलतो. त्यांच्या आईच्या गुडघ्याचं विचारतो."

"आणि शंका?"

"माणसाच्या घरात पाय ठेवल्या ठेवल्या कामाचं काढायचं? माझ्या आईने मला असं वाढवलेलं नाही. त्यांनी विचारलं तर सांगेन. ते विचारत नाहीत."

"अरे, पण ते तुझे मास्तर आहेत!"

"म्हणून तर. आधीच त्यांचा मॅकरोनी-खिमा खाऊन बसलोय. आणखी किती मिंधा होऊ?"

दोन सभ्य माणसं, आणि दोघांच्या मध्ये एक जागा बुडायला निघालेली! वर्लीनने डोकं धरलं. माझं तर मत होतं, दोघांची टाळकी एकमेकांवर आपटावीत. ती म्हणाली, "थांब. हात कामात गुंतले की माणूस काय वाटेल ते बोलतो. आणि याला उपकार घ्यायचे नाहीत ना? मग आधी त्यालाच सरांवर करू दे."

पुढच्या गुरुवारी तिने लिंडक्विस्टच्या खोलीत घेवड्याच्या शेंगांची दोन पोती ओतली. चर्चच्या जेवणाला हव्यात म्हणाली. "सर, संध्याकाळच्या आत मोडून हव्यात. जमेल ना?" नाही म्हणायला त्या माणसाला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

डेल्मर बरणी घेऊन आला तर सर जमिनीवर मांडी घालून बसलेले आणि शेंगा शिरांसकट मोडताहेत. शिरांसकट! डेल्मर थोडा वेळ उभा राहिला. मग बसला. मग त्याला बघवेना.

"सर, रागावू नका. शीर आधी ओढायची. अशी. टोकापासून. नाहीतर खाणाऱ्याच्या दातात अडकते आणि तो तुमच्या नावाने बोटं मोडतो."

"अरे देवा! मी तर अर्धं पोतं बिघडवलं!"

"असू द्या. मी काढतो. तुम्ही ही घ्या, कोवळी आहे."

आम्ही दोघी दाराबाहेर, फटीला डोळा आणि कान लावून. वर्लीन गप्प होती, म्हणजे बघा. आत कितीतरी वेळ नुसतं कटाकट. सरांना जमायला लागलं, ते लहान मुलासारखे प्रत्येक शीर उंच धरून दाखवायला लागले. डेल्मर शाबासकी द्यायला लागला.

मग, खाली मान घालून, तो म्हणाला, "सर, एक विचारू?"

"विचारा ना!"

"ते एक्सचं काय असतं?"

"कोणत्या गणितातल्या?"

"सगळ्याच. अंकांमध्ये ते अक्षर कशाला येऊन बसतं?"

कटाकट थांबली. "मिस्टर स्लोन, हे तुम्हाला कधीपासून कळलेलं नाही?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग त्याच दिवशी का नाही विचारलंत?"

"त्या दिवशी आपली ओळख कुठे होती?"

वर्लीनने तोंडात पदर कोंबावा तसा स्वेटरच्या बाहीचा बोळा कोंबला. मी हसून हसून भिंतीला टेकले. आत लिंडक्विस्टनी मूठभर शेंगा घेतल्या, डब्यात लपवल्या आणि म्हणाले, "डब्यात किती आहेत ते मला माहीत नाही. कळेपर्यंत त्यांना एक्स म्हणू." चर्चला त्या शेंगा मिळाल्या नाहीत हे वेगळं सांगायला नको. पण त्यानंतर दर गुरुवारी त्या खोलीतून दोघांचं भांडण ऐकू यायचं, आणि भांडण गणिताचंच असायचं.

शेवटच्या परीक्षेचा निकाल सुट्टी लागल्यावर आला. वर्लीन सकाळपासून फोनकडे बघत होती. मला दोनदा कॉफी सांडून झाली.

फोन वाजला. तिने स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला, म्हणजे मलाही ऐकू यावं.

"ताई," डेल्मर म्हणाला. "चौऱ्याहत्तर. सुटलो."

पलीकडे मात्र सगळं शांत. ना टाळी, ना आरडाओरडा.

"अरे, मग इतकं गप्प का? घरी कुणी नाही का?"

"सगळे आहेत. म्हातारा आहे, बायको आहे, भाऊ आलेत. सगळे माझ्याकडे बघताहेत." मागून त्याच्या म्हाताऱ्या बापाच्या खाकरण्याचा आवाज आला. "म्हातारा विचारतोय, पास झाल्यावर काय करतात? आमच्यात कुणालाच माहीत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं."

वर्लीन ढसाढसा रडायला लागली. मीही. खोटं कशाला बोलू?

"काय करतात म्हणजे?" ती इतक्या जोराने ओरडली की बाहेरची कुत्री उठली. "नाचतात, मेल्या! म्हाताऱ्याला उठव. मी निघालेच!"