‘काही नाही’चा कोड

माझ्या नवऱ्याला कुठेही काहीही झालं तरी त्याचं उत्तर एकच: “काही नाही.” लग्नानंतर पहिलं वर्षभर मला त्यात धीर दिसायचा. मग संताप यायला लागला. सासूबाईंकडे तक्रार केली तर त्या कौतुकाने म्हणायच्या, “लहानपणापासून असाच आहे गं, कधी कुरकुर म्हणून नाही.” त्यांच्या घरात दुखणं बोलून दाखवणं हलकेपणाचं समजत.

तेव्हा आम्ही जर्मनीत, नेकारसुल्मला राहायचो. तो मोटारींच्या कारखान्यात डिझाइनचं काम करायचा, म्हणजे दिवसभर उजव्या हातात माउस. रात्री तो मधेच उठायचा, थर्मामीटर झटकावा तसा उजवा हात झटकायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. “काय होतंय?” विचारलं की ठरलेलं उत्तर. शर्टाच्या बटणांशी त्याची झटापट चालायची. मी लावून द्यायला गेले की चिडायचा.

गणपतीत आरती झाल्यावर मी सगळ्यांना तीर्थ देत होते. त्याने हात पुढे केला, मी पळीभर तीर्थ घातलं आणि ते अंगठ्याच्या बाजूने सरळ खाली सांडलं. मला वाटलं, लक्ष नाही. पुन्हा घातलं, पुन्हा सांडलं. मग मी तिथेच त्याचे दोन्ही तळवे शेजारी शेजारी धरले. उजव्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा पार बसला होता. पाहुण्यांसमोर बोलता येईना, पण नंतर इतकी भांडले की तो डॉक्टरकडे जायला तयार झाला. मात्र एकटाच गेला.

येताना न्यूरोलॉजिस्टकडे जायची चिठ्ठी घेऊन आला. “डॉक्टर काय म्हणाले?”

“काही नाही. नर्व्ह तपासायच्यात. तुझं ऐकलं ना, हात दाखवून अवलक्षण.”

चिठ्ठीवर निदानाच्या चौकटीत फक्त एक कोड छापला होता: जी १२.२, आणि पुढे एक व्ही. जर्मनीत प्रत्येक आजाराला असा आकडा असतो, एवढं मला माहीत होतं. तो कामावर गेल्यावर मी तो इंटरनेटवर शोधला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तो कोड मोटर न्यूरॉनच्या आजाराचा होता. आधी हाताचे स्नायू वाळतात, मग पायाचे, मग बोलणं जातं, गिळणं जातं आणि शेवटी श्वास. औषध नाही. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. माझा नवरा मरणार आहे आणि त्याला ते माहीत नाही, एवढंच मला कळत होतं.

संध्याकाळी त्याने माझा चेहरा बघून विचारलं, “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणाले.

न्यूरोलॉजिस्टचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाला तो दीड महिन्यानंतरचा. तेवढे दिवस माझा जीव टांगणीला लागलेला. तो जिना चढताना अडखळतो का, बोलताना जीभ जड होते का, मी नुसती बघत राहायची. एकदा चहा पिताना त्याला ठसका लागला आणि माझ्या हातातली कपबशी खाली पडली. “आलं जास्त झालंय,” तो म्हणाला. फोनवर सासूबाईंनी “सगळं ठीक ना?” विचारलं की मी “हो आई” म्हणायची आणि बाथरूममध्ये जाऊन रडायची.

टेर्मिनच्या दिवशी मी हट्टाने सोबत गेले. न्यूरोलॉजिस्ट बाई होत्या, पन्नाशीच्या, शांत. त्या एकेक प्रश्न विचारत होत्या आणि उत्तर कॉम्प्युटरमध्ये टिपत होत्या.

“हात दुखतो?”

“नाइन.”

“बधिरपणा? मुंग्या?”

“नाइन.”

“रात्री झोप लागते?”

“छान लागते.”

प्रत्येक नाइन, म्हणजे ‘नाही’, टाइप होत होता आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आधीच्या डॉक्टरसमोरही याने हेच केलं असणार. स्नायू वाळलाय, ताकद गेलीय, पण दुखत नाही आणि मुंग्या नाहीत, असं लिहिल्यावर त्या बिचाऱ्या डॉक्टरने भलतीच शंका घेतली तर त्यात त्याची काय चूक? मला असा राग आला की मी मराठीतच ओरडले, “अरे, मग रात्री हात कोण झटकतं? मी?”

बाई चमकल्या. मी उठून उभी राहिले. व्याकरण गेलं खड्ड्यात. “श्टिम्ट निष्ट!” म्हटलं, खरं नाही हे, आणि झोपेतून उठल्याचं सोंग करून उजवा हात जोरजोरात झटकून दाखवला. “रोज रात्री. रोज!”

“पुन्हा करून दाखवा,” बाई म्हणाल्या. मी पुन्हा केलं. त्या नवऱ्याकडे वळल्या. तो माझ्याकडे बघत होता, शाळेत कॉपी करताना पकडल्यासारखा. मग त्याने अंगठा आणि शेजारची दोन बोटं दाखवली. मुंग्या येतात, तो हळूच म्हणाला. फार दिवस येतात. आता तर तिथे काही कळतच नाही.

“आणि करंगळी?”

“करंगळीला नाही.”

“गेनाऊ,” बाई म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर; करंगळीची नस वेगळी असते.

त्यांनी त्याला हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, मनगटं वाकवून बसवलं. थोड्याच वेळात त्याचा चेहरा आक्रसला. मग विजेचे छोटे झटके देऊन नस तपासली, हातापायांत सुया टोचून स्नायू तपासले. शेवटी बाईंनी मनगटावर बोट ठेवून सांगितलं की नस इथे दबली आहे. कार्पल टनेल. छोटंसं ऑपरेशन लागेल. नव्या कागदावर जी ५६.० होतं, पुढे उजव्या हाताचा आर आणि नक्की झालेल्या निदानाचा जी.

“आणि जी १२.२?” मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही तो शोधलात?” मी मान हलवली. त्यांनी समजावलं की व्ही म्हणजे नुसता संशय. मग जुन्या कोडपुढचा व्ही खोडून ए टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ए म्हणजे तो आजार नाही. मी तिथेच, परक्या बाईसमोर, हमसून हमसून रडले.

बाहेर बसस्टॉपवर मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मला विचारायचंस तरी.”

“विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?”

तो बसचं वेळापत्रक वाचायला लागला.

ऑपरेशननंतर भूल उतरत होती, हात बँडेजमध्ये उशीवर ठेवलेला होता. नर्सने येऊन विचारलं, दुखतंय का? त्याच्या तोंडातून ‘नाइन’चा ‘ना’ निघालाच होता. तेवढ्यात त्याची नजर माझ्याकडे गेली.

“अगं,” तो मला मराठीत म्हणाला, “दुखतंय.”

“किती?”

“खूप.”

“बरं झालं,” मी म्हणाले आणि नर्सला सांगितलं. तिने ते लिहून घेतलं.